तारी पलीकडे उतरत नसे

तारीला, म्हणजे खाडीवरच्या होडीवाल्याला, मी वेडा म्हटलं ते त्याच्या तोंडावर, आणि ओळख होऊन पुरता अर्धा तासही झाला नव्हता तेव्हा. खाडीपलीकडच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती. पहिल्या दिवशी हजर व्हायला नवं पातळ नेसून, चपला हातात घेऊन मी होडीत बसले. होडी पलीकडच्या वाळूपासून दोन हात अलीकडे थांबली आणि हा उंच, वाळका, पिकल्या केसांचा म्हातारा एक पाय होडीत नि एक पाय पाण्यात ठेवून स्वस्थ उभा राहिला.

"जरा पुढे ओढा ना होडी," मी म्हटलं. "खाली उतरा आणि ओढा."

"बाय, माझो पाय थंय लागूचो नाय."

"का? काटे आहेत?"

"आसत."

काटे कसले, धुऊन ठेवल्यासारखी स्वच्छ वाळू होती. मी गुडघाभर पाण्यात उतरले, पातळ भिजलं, आणि त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "वेडाच दिसतोय मेला." त्यावर तो मनापासून हसला. "बरोबर वळाखलंस गो," म्हणाला, आणि काठीनं होडी मागे रेटून निघूनही गेला. त्या दिवशी ओल्या पातळानंच मी मुलांची हजेरी घेतली.

पन्नास-एक्कावन्नची गोष्ट असेल. मालवणच्या खाली समुद्राला मिळणारी ती खाडी आता मला नीट आठवतही नाही, म्हणजे आठवते ती खरी किती आणि मी नंतर मनात रंगवलेली किती, हे सांगता यायचं नाही. सकाळचं धुकं तेवढं पक्कं आठवतं. थंडीच्या दिवसांत ते पाण्यावर असं बसायचं की होडीचं पुढचं टोक दिसायचं नाही. वल्ह्याचा चुळूक चुळूक आवाज, पलीकडून येणारी घंटा, आणि आपण चाललोय की जागच्या जागी डुलतोय ते कळायचं नाही. तिथे आता पूल झाला आहे म्हणे. मी पाहिला नाही आणि मला पाहायचाही नाही.

पलीकडच्या काठावर शाळा होती, तिच्या वर टेकाडावर इगर्ज. तिकडे ख्रिस्तांव लोक चर्चला इगर्जच म्हणतात. अलीकडच्या वाडीत ख्रिस्तांवांची पंचवीस-तीस घरं. तारी त्यांच्यातलाच. दर रविवारी तो सगळी वाडी चार फेऱ्यांत पलीकडे मीसेला, रविवारच्या प्रार्थनेला, पोचवायचा, म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवायचा, आणि स्वतः होडीत बसून राहायचा. टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा. वरून गाण्याचा आवाज आला की ओठ हलवायचा. मधली बारीक घंटा वाजली की होडीतच गुडघे टेकायचा, आणि होडी अशी हलायची की मला वाटायचं, हा आता जातो पाण्यात. पण त्या वाळूवर त्यानं पाऊल म्हणून टाकलं नाही. अठरा वर्षं झाली, असं लोक सांगत. कोणी म्हणे नवस आहे, कोणी म्हणे जुन्या पाद्रीशी भांडण झालं, कोणी माझ्यासारखं सरळ वेडा म्हणून मोकळं होई.

वेडाची आणखी लक्षणंही होतीच. त्या खाडीवर तारीला बोलवायचं म्हणजे कुकारो घालायचा, तोंडापुढे हातांचा कर्णा करून लांब कूऽऽ अशी हाक मारायची. कुकारो ऐकला की हा मनुष्य तोंडातला घास टाकून उठायचा. ताप असो, पाऊस असो, जेवण असो. शाळेतली पोरं मुद्दाम कुकारो घालून झाडामागे लपायची. हा पलीकडे यायचा, कोणी नाही पाहून परत जायचा, पुन्हा कुकारो, पुन्हा यायचा. एकदा मी त्या पोरांना छडीनं चोपलं आणि तारीलाही झापलं, "तुम्हांला कळत नाही का पोरं फसवतात ते?"

"कळता गो."

"मग येता कशाला?"

"बोलवल्यानी तर येवक व्हया."

कोणी उतरताना आभार मानायला "देव बरें करूं" म्हटलं, तर मात्र तो चिडायचा. "माझ्यासाटी तेका त्रास देव नको," म्हणायचा. देवाशी त्याचं बोलणं तसं रोजचंच होतं, शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं त्या सुरात. "काय रे बाबा, आज वारो सोडूक इसारलंस?" किंवा "ह्या मास्तरणीक जरा हसाक शिकव रे, पोरां घाबारतत." मी समोर बसलेली असताना! पण स्वतःसाठी काही मागताना मी त्याला कधी ऐकलं नाही.

मी राहत होते ती जागा त्याच्या वयनीची, म्हणजे थोरल्या भावाच्या विधवेची. सगळी वाडी तिला वयनीच म्हणे, मीही म्हणायला लागले. तिचा मुलगा बोटीवर, घरात ती एकटी. पडवीतली खोली तिनं मला दिली. ख्रिस्तांवाच्या घरी राहते म्हणून सावंतवाडीहून माझ्या काकांचं चार पानी पत्र आलं. मी एका ओळीत उत्तर धाडलं की इथे विहिरीला पाणी आहे आणि कोणी मला पत्रं लिहीत नाही. वयनी ठेंगणी, जाडजूड, कमी बोलणारी बाई. रोज दुपारी ती भात नि माशाचं तिकलं ताटलीत वाढायची, वर केळीचं पान झाकायची आणि मधला दगडी गडगा ओलांडून तारीच्या खोपटात ठेवून यायची. एक दिवस खाडा नाही.

तिला एकच घोर होता. पास्कांच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधी चाळीस दिवस उपासाचे असतात, त्या दिवसांत प्रत्येकानं पाद्रीपुढे गुडघे टेकून आपली पापं सांगायची, कुमसार करायचं, अशी त्यांची रीत. वर्षातून एकदा तरी हे झालंच पाहिजे. जो वर्षानुवर्षं करत नाही तो मेल्यावर त्याला इगर्जीच्या आवारात माती मिळणं कठीण. तारी सत्तरीला टेकला होता, खोकत होता. वयनी दर वर्षी त्याच्या खोपटाच्या दारात उभी राहून म्हणायची, "औंदा तरी चल रे. तुका गडग्याभायर पुरतले. तुझो भाव आतमदी, तू भायर. माका बघवचा नाय."

"फुडल्या वर्सा," तारी म्हणायचा.

मग ती माझ्याकडे येऊन बसायची आणि सुपारी कातरत म्हणायची, "असा काय केल्यान आसतलो गो ह्यानी? माणूस तर सोन्यासारखो." मला त्यांच्या धर्मातलं काही कळत नव्हतं. मी म्हणायची, "हट्टी आहेत, दुसरं काय."

काय केलं होतं ते मला कळलं एका धुक्याच्या सकाळी. होडीत मी एकटीच होते. खाडीच्या मध्यावर त्यानं वल्हं वर घेतलं. पाणी ठिबकत राहिलं. चहूकडे नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून त्याचा आवाज.

"बाय, तू आमच्यातली न्हंय, म्हणान तुका सांगतंय. माझ्या भावाक मरताना पाद्री गावलो नाय. ता माझ्यामुळा."

दोघा भावांचं भांडण झालं होतं ते गडग्यावरच्या फणसावरून. फांदी कोणी तोडली, फणस कोणी नेले, असलं काहीतरी. भावानं खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, आण घेतली की जन्मात ह्याच्याशी बोलणार नाही. चार वर्षं बोलला नाही. मग तापानं पडला. मरण दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, मला पाद्री आणा, मला ती आण सोडायची आहे, देवाकडे मी असा जाणार नाही. निरोप सकाळीच पलीकडे गेला. पाद्री दुसऱ्या गावी होता, तो दुपारी परतला आणि तडक काठावर आला.

"पाद्रीन चार कुकारे घातल्यान. मी माडाखाली पडान होतंय. चारय ऐकलंय. सुकती लागली होती, पण होडी पाण्यात होती, बाय. घटकाभर पाणी होतां. मी पाण्याकडे बघीत रवलंय. पाणी गेलां, होडी गाळात बसली, मगे उठलंय आणि वराडलंय, होडी हलणा नाय, भरतेक येवा."

"का पण?"

"पाद्री इलो आसतो तर आदी माका बोलवन घेतल्यान आसतो. भावाचो हात धर म्हटल्यान आसतो. माका तो धरूचो नव्हतो."

भरती यायच्या आधीच भाऊ गेला. सगळे म्हणाले, ओहोटी काय कोणाच्या हातातली? पाद्रीही तेच म्हणाला. वयनी तर उलट ह्याचीच समजूत काढत बसली.

"तेका देवाकडे परत जावचा होता," तारी म्हणाला. "वाट मी आडवलंय. आता मी खयच्या तोंडान जाव?"

मला काय वाटलं ते सांगते. दया आली नाही, राग आला. सकाळच्या वेळी, शाळेला जाताना, हे असं माझ्या पदरात कशाला टाकायचं? रागावले की माझी शाळेतली भाषा पळून जायची. "माका कित्याक सांगतास? मी काय तुमचो पाद्री? वयनीक सांगा जावन!"

"ती जेवाक वाढता," तो म्हणाला, "तिका कसा सांगू?" आणि वल्हं पाण्यात घातलं.

मी कोणाला बोलले नाही. मला वाटलं, आपला काय संबंध, आपण परक्या. पण त्यानंतर वयनी ताटली घेऊन गडगा ओलांडायला लागली की मी ताट सारून उठायची. तिनं "असा काय केल्यान आसतलो गो?" म्हटलं की मी वह्या तपासायचं सोंग करायची. असं वर्षभर गेलं. भित्रेपणाच तो, दुसरा शब्द नाही.

पुढल्या वर्षीच्या उपासाच्या दिवसांत, एका शनिवारी दुपारी, वाडीतली म्हातारी सुईण घरघरीला लागली. सकाळची शाळा आटपून मी परत आले होते. सुईणीचा मुलगा धावत काठावर आला, "तारी, पाद्रीक हाड, आवस ऱ्हवणा नाय!" आणि पाण्याकडे बघून मटकन खालीच बसला. कारण खाडी पार सुकली होती. पलीकडच्या काठापर्यंत चिखलच चिखल आणि मधे एक बारीक धार. होडी कुशीवर पडलेली. वाडी गोळा झाली. वयनीही होती, हातात सुईणीसाठी आणलेली पेजेची वाटी. सगळे म्हणाले, आता भरतीशिवाय इलाज नाही. ह्या वेळी ते खरंच होतं.

तारीनं सदरा काढून होडीवर टाकला आणि तो चिखलात उतरला. मांडीपर्यंत रुतला, पाय उपसला, पुन्हा रुतला. कोणी ओरडलं, "अरे मरशीत!" तो वळलाही नाही. मधल्या धारेत छातीभर पाण्यातून गेला. पलीकडे वाळूपाशी पोचला तेव्हा क्षणभर थांबला. इतक्या लांबून तो काळा ठिपका तेवढा दिसत होता, पण वाडीतलं एक माणूस हललं नाही, कारण आता काय होणार ते सगळ्यांना बघायचं होतं. ठिपका वाळूवर चढला आणि टेकाडाकडे पळत सुटला.

परत आला तो पाद्रीला खांद्यावर बसवून. पाद्री गोल, म्हातारा, कानानं कमी. पांढरा झगा कंबरेला खोचलेला, काळी पेटी पोटाशी, आणि दुसऱ्या हातानं तारीचे केस घट्ट धरलेले. अशी ती दुक्कल चिखलातून येऊ लागली आणि चार पावलांवर तारीनं कुमसार सुरू केलं. चालता चालता. पाद्री खेकसला, "काय म्हणतंस? जोरान सांग, माका ऐकाक येणा नाय!"

मग तो जोरानं सांगू लागला. ओल्या चिखलावरून आवाज असा सरळ यायचा की काठावर बसलेल्या आम्हांला शब्द न् शब्द कळत होता. चार कुकारे. घटकाभर पाणी. भावाचा हात. एक पाऊल त्यानं थांबवलं नाही. श्वास लागत होता, खोकला येत होता, मधे बुडत होता, आणि सांगत होता. सुरुवातीला एकदोघे हसले होते, त्यांनी टोप्या काढल्या. मी वयनीकडे बघायचं धाडस केलं नाही, नुसती तिच्या हातातली वाटी बघत राहिले. पेज हिंदकळून तिच्या बोटांवरून खाली गळत होती.

काठाला लागल्यावर पाद्रीनं केस सोडले आणि तोच हात त्याच्या डोक्यावर सपाट ठेवला. खांद्यावर बसल्या बसल्याच लॅटिनमधून काहीतरी भराभरा म्हटलं, हवेत खुरीस काढला, "प्राचित मगे सांगतंय" म्हणाला आणि उतरून सुईणीच्या घराकडे पळाला. सुईणीला पाद्री वेळेवर मिळाला, ती संध्याकाळी शांतपणे गेली.

तारी कंबरभर चिखलात उभा होता. वयनीकडे बघत होता. वयनीनं वाटी सुईणीच्या सुनेच्या हातात दिली आणि ती घरी गेली.

त्या रात्री तिनं मला एवढंच विचारलं, "तुका ठावक होतां?" मी मान हलवली. "कदीपासून?" मी सांगितलं. "म्हणजे मी रोज ताटली घेऊन जाय होतंय, आणि तू बघीत होतंस." पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि मी खोली सोडून जायला निघाले तेव्हा फक्त म्हणाली, "बस गप." मी बसले.

चिखलातल्या त्या कुमसाराच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तारी वाळूवर उतरला आणि लोकांच्या मागून इगर्जीत गेला. शेवटच्या बाकावरची माणसं सरकली, त्याला जागा दिली. तो मीसभर रडत होता, असं लोकांनी सांगितलं. लोक चांगले वागले. पाद्रीनं त्याला प्राचित, म्हणजे पापाचं प्रायश्चित्त, दिलं ते असं: वयनीकडे जाऊन बोल. तो रोज संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन उभा राहायचा. वयनी आत निघून जायची. तो थोडा वेळ थांबायचा, जायचा. ताटली बंद झाली होती. गडग्यापलीकडून करपलेल्या भाताचा वास यायचा. होडीत वयनी बसायची ती त्याच्याकडे पाठ करून, छत्री उघडून.

मी एकदा त्याला विचारलं, "आता बरं वाटतं ना? देवानं माफ केलं ना?"

"केल्यान तर. तेका काय, सोपा आसा ता," तारी वल्हं मारत म्हणाला. "तेका माझ्यासाटी अठरा वर्सां रांदूक लागला नाय."

असे आठ महिने गेले. पावसाळा गेला, दिवाळीची सुट्टी झाली, मी परत आले. नोव्हेंबरात त्यांचा मेलेल्या माणसांचा दिवस असतो. त्या दिवशी जो तो आपल्या माणसांच्या माती दिलेल्या जागी जाऊन गवत काढतो, फुलं ठेवतो, मेणबत्त्या लावतो. वयनीनं माझ्या हातात केरसुणी नि मेणबत्त्या दिल्या आणि म्हणाली, "चल." धुकं अजून उठलं नव्हतं. आम्ही होडीत बसलो. वयनीनं नेहमीसारखी पाठ केली. पलीकडे लागल्यावर ती उतरली, चार पावलं गेली, आणि वळून न बघता म्हणाली, "होडी बांद आणि ये."

तारीनं होडी बांधली. गाठ दोनदा सुटली, शेवटी ती मलाच मारावी लागली.

इगर्जीच्या मागच्या आवारात धुक्यात माणसं वाकून गवत उपटत होती, ओळखू येत नव्हती. लाकडी खुरसांच्या रांगा. तारी मधेच थांबला. भाऊ कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांत तो इथे आलाच नव्हता. वयनीनं बोट दाखवलं. मातीचा लांबट उंचवटा, चुना लावलेला, त्यावर झेंडूच्या दोन माळा. तारी पाहत राहिला. मग तिच्याकडे वळून त्यानं हात जोडले, "वयनी, माका..."

"माका नको सांगू," वयनी म्हणाली. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिचे डोळे लाल होते. "आठ म्हयने मी इचार करतंय. पाद्री व्हयो होतो तो तेका, माका न्हंय. वाट बघून गेलो तोच. तेका सांग."

"तेना आण घेतल्यान, वयनी. तो माझ्याकडे बोलूचो नाय."

"तो नाय बोललो तर तू बोल."

तारी गुडघ्यांवर बसला. मग अगदी साध्या आवाजात, होडीतून देवाशी बोलायचा तशा, म्हणाला, "फणस गेल्या पावसात पडलो रे. मुळासकट." कलंडलेली माळ सरळ केली. "मी ऐकलंय, दादा. चारय कुकारे ऐकलंय." पुढचं बोलणं मातीत तोंड घालून झालं, ते मला ऐकू आलं नाही. मी केरसुणी धरून उभी होते आणि रडत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

वयनी मेणबत्त्या लावत होती. दोन विझल्या, त्या तिनं पुन्हा लावल्या. सगळ्या लागेपर्यंत तिनं त्याला उठवलं नाही. मग काडेपेटी पदरात बांधली.

"झालां सांगून?"

"झालां."

"मगे ऊठ," वयनी म्हणाली. "तेना ऐकल्यान. आता मी राग धरून काय करू?"